गवताचे मशीन घेताय? आधी चष्मा घ्या!

गणपती गेले की आपल्या पेण तालुक्यात दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरतात. एक म्हणजे रिकामे झालेले मूर्तींचे कारखाने आणि दुसरी म्हणजे घराच्या पुढे-मागे कमरेएवढे माजलेले गवत. हमरापूर, जोहे या बाजूला आषाढ-श्रावणात माणसाला मान वर करायला फुरसत नसते. विसर्जनानंतर थोडी उसंत मिळते आणि मग सगळे अंगण-परसू साफ करायला निघतात. पूर्वी या कामाला कोयता आणि विळा असे. आता खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे मशीन आले आहे. सकाळपासून त्याची घरघर कानावर येते.

अशाच एका सकाळी जोह्याच्या बाजूचा एक तरुण डोळ्यावर रुमाल धरून माझ्याकडे आला. कारखान्यात रंगकाम करणारा मुलगा. रिकाम्या दिवसांत चार पैसे मिळावेत म्हणून त्याने एका बंगल्याच्या आवारातले गवत मशीनने कापून दिले होते. गवताची काडी उडून डोळ्याला लागली. पाणी मारून त्याने काम पुरे केले. संध्याकाळी डोळा लाल झाला म्हणून दुकानातून थेंब आणून घातले. दोन दिवस बरे वाटले. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला तेव्हा तो आला. त्याला मी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. ती बुरशीची लागण होती. उपचार कित्येक आठवडे चालले. डोळा वाचला, पण नजर पहिल्यासारखी राहिली नाही.

त्याच आठवड्यात एका वाचकांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "डॉक्टर, अंगणासाठी गवत कापायचे भरवशाचे मशीन कोणते घ्यावे?" मी हसलो, कारण हा प्रश्न मेकॅनिकला विचारायचा. पण नंतर वाटले की नाही, तो डॉक्टरलाही विचारायलाच हवा. पहिल्या झटक्यात सुरू होते ते मशीन भरवशाचे, अशी आपली समजूत असते. माझी व्याख्या थोडी वेगळी आहे. काम संपल्यावर जे मशीन चालवणाऱ्याला धड डोळ्यांनी, धड कानांनी आणि धड हातांनी घरी पाठवते, ते मशीन भरवशाचे.

गवत वाढू द्यावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांशी कोकणी माणसाची जुनी ओळख आहे. विंचवाचे तर विचारूच नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम जगभर वाचले गेले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची सुरुवात आपल्याच मातीतल्या दंशांपासून झाली. शिवाय गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसचा ताप आहेच. तेव्हा घराभोवतीचे गवत कापायलाच हवे. प्रश्न एवढाच, की कशाने आणि कसे?

पहिला सल्ला असा की मशीन खरोखर लागते का, ते आधी पाहावे. तुळशीवृंदावनाभोवतीच्या चार हात जागेला कोयता पुरतो. एक-दोन गुंठ्यांचे अंगण असेल तर बॅटरीवर चालणारे हलके मशीन पाहावे. त्याला धूर नाही आणि आवाजही कमी. जागा मोठी असेल, पावसाळी गवत दाट असेल, बांध असतील, तर मात्र पेट्रोलचेच मशीन उपयोगी पडते.

आता हे मशीन कापते कसे, ते समजून घेऊ. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांना १९७१ साली गाडी धुण्याच्या यंत्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून ही कल्पना सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची नायलॉनची दोरी ओवली आणि डबा फिरवला. म्हणजे आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात, तीच ही वस्तू! हातात धरली तर मऊ, पण फिरवली की कोयता. मिनिटाला सहा हजार फेरे आणि दोरीच्या वर्तुळाची रुंदी चाळीस सेंटीमीटर धरली, तर दोरीच्या टोकाचा वेग ताशी साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातो. त्या टोकाला खडा, काच, खिळा किंवा सुकी काडी लागली तर ती कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणूनच या मशीनच्या आसपास पन्नास फुटांत, म्हणजे साधारण पंधरा मीटरमध्ये, दुसरे कुणी असू नये असा नियम आहे. आपल्याकडे मात्र मुले भोवती गंमत बघत उभी असतात.

यावरून दुकानात काय पाहायचे ते आपोआप ठरते. दोरीच्या वर जो प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा पंखा असतो, तो पुरेसा रुंद आणि घट्ट बसणारा हवा. ते संरक्षक कवच आहे, अडगळ नव्हे. "हा काढून टाका, काम भरभर होते" असे कुणी सांगितले तर त्याचे ऐकू नका. अंगणासाठी तंगुसाचेच डोके घ्यावे. लोखंडी पाते जाड झुडपांसाठी असते. ते घराजवळ, दगडांजवळ वापरू नये. दोरी सारखी तुटते म्हणून काही जण तिच्या जागी लोखंडी तार किंवा साखळीचा तुकडा लावतात. तिचा एखादा दुवा सुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो. हा जुगाड कदापि करू नये.

इंजिन किती मोठे? पंचवीस ते पस्तीस सीसीचे इंजिन घरच्या गवताला पुष्कळ होते. पन्नास सीसीचे मशीन घेऊन मिरवणारे पाहिले आहेत. अर्ध्या तासात कंबर धरून बसतात. वजन हातावर येता कामा नये, ते पट्ट्याने खांद्यांवर आणि कमरेवर पडले पाहिजे. दुकानातच पट्टा बांधून, उभे राहून, डावी-उजवीकडे झोका घेऊन बघा. कमरेतून वाकावे लागत असेल तर ते मशीन तुमच्या उंचीचे नाही.

टू-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत पन्नासास एक प्रमाण दिले असेल तर एका लिटरला वीस मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर चाळीस मिलिलिटर. अंदाजपंचे ओतल्यास ऑइल कमी पडून इंजिन जाते, नाहीतर जास्त होऊन धूर होतो. या इंजिनातून न जळलेले पेट्रोलही धुराबरोबर बाहेर पडते आणि तो धूर चालवणाऱ्याच्याच नाकाशी असतो. फोर-स्ट्रोक थोडे जड आणि महाग, पण धूर कमी. दमा असलेल्या घरात मी फोर-स्ट्रोकच सुचवीन. कोणतेही असो, बंद शेडमध्ये किंवा पडवीत सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना वास ना रंग.

आता हात आणि कान यांच्याविषयी. सतत थरथरणारे यंत्र वर्षानुवर्षे धरले की बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत बोटे पांढरी पडतात, मुंग्या येतात, बारीक वस्तू धरता येत नाही. युरोपात २००२ साली यासाठी कायदेशीर मर्यादा घालण्यात आल्या. चांगल्या मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा छापलेला असतो. तो ५ असेल तर दोन तासांत, आणि १० असेल तर अर्ध्याच तासात तिथल्या नियमाप्रमाणे सावध होण्याची रेषा गाठली जाते. तेव्हा कमी आकड्याचे, मुठींना रबरी गादी असलेले मशीन निवडा. आकडाच छापलेला नसेल, तर दुकानदाराला मशीन सुरू करून पाच मिनिटे हातात द्यायला सांगा. खाली ठेवल्यावर बोटे झिणझिणत असतील तर ते घेऊ नका. आवाजाचेही तसेच आहे. १०० डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असे तज्ज्ञ सांगतात. ही मशीने त्याच्या जवळपास जातात. कापसाचा बोळा पुरत नाही, कानावर बसणारे मफ किंवा फोमचे प्लग लागतात.

पेट्रोलबद्दल एक सूचना. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. आपल्या दमट हवेत महिना-दोन महिने टाकीत पेट्रोल राहिले की कार्ब्युरेटर चोंदतो. मग दोरी ओढून ओढून खांदा दुखावतो आणि ती तक्रार घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. काम संपले की टाकी रिकामी करावी. मशीनच्या रबरी नळ्या या पेट्रोलला चालतात का, हे विकत घेतानाच विचारावे. दुरुस्ती आणि सुटे भाग पेणला किंवा अलिबागला मिळतील असेच मशीन घ्या. आणि उरलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूल ते प्यायले तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, कारण पेट्रोल फुफ्फुसात जाते. तडक दवाखाना गाठावा.

आता पुन्हा डोळ्याकडे वळतो. साधा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल या कामाला चालत नाही. बाजू बंद असलेला, पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा. तोंडावर जाळी लावली तरी आत चष्मा हवाच, कारण बारीक काडी जाळीतून जाते. पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. आधी जागा फिरून दगड-काचा वेचाव्यात. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या तर तिथे मशीन लावूच नये, नाहीतर तिची कुसे हवेत उडून सगळ्या अंगाला आग होते. गाजर गवताची अॅलर्जी असलेल्याने तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

एवढे करूनही डोळ्याला लागलेच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मध, दूध, तूप काही घालू नये. दुकानातून मनानेच थेंब आणू नयेत. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली जाते, दुखणे थांबते आणि आतल्या आत बुरशी फोफावते. त्या मुलाचे नेमके हेच झाले. नेपाळात भक्तपूर येथे झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बुबुळाला ओरखडा उठलेल्या गावकऱ्यांना आरोग्यसेवकांनी लगेच साधे प्रतिजैविक मलम दिले. ज्यांना ते अठरा तासांच्या आत मिळाले त्यांच्यापैकी कुणालाही व्रण झाला नाही. म्हणजे औषध महाग नाही, महाग पडतो तो उशीर.

शेवटी जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. मशीन विकत घेणारा एक असतो आणि चालवणारा बहुधा दुसरा. मालक हजारो रुपये मोजून मशीन आणतो, पण काहीशे रुपयांचा चष्मा "ज्याचा त्याने आणावा" म्हणतो. रोजावर आलेला माणूस तो आणत नाही, कारण त्या पैशांत घरात काही दिवसांचा बाजार होतो. माझे स्पष्ट मत आहे, की चष्मा, कानाचे मफ आणि गमबूट हे मशीनचेच भाग आहेत. ते मालकाने मशीनबरोबरच घ्यावेत आणि ते घातल्याशिवाय मशीन हातात देऊ नये. एवढे बजेटात बसत नसेल तर कोयताच बरा.

आपल्याकडे तर याला आणखी एक अर्थ आहे. पेणच्या मूर्तीची ओळख तिच्या डोळ्यांच्या आखणीत आहे. बारीक ब्रशाच्या एका न थरथरणाऱ्या रेघेने मातीत जीव येतो. ती रेघ ओढायला शाबूत नजर लागते आणि स्थिर बोटे लागतात. नेमक्या याच दोन गोष्टी हे मशीन हिरावून घेऊ शकते. तो मुलगा आता आखणीला बसत नाही, अंगाचे रंग देतो. त्याने तक्रार केली नाही. "चालायचंच, डॉक्टर," एवढेच म्हणाला.

मला मात्र ते चालत नाही. वाचकहो, येत्या रविवारी मशीन घ्यायला बाजारात जाल तेव्हा दुकानदाराला पहिल्यांदा चष्मा दाखवायला सांगा आणि मग मशीन.