गाडीची उंची किती?

"गाडीची उंची किती रे?"

भाड्याची कॅम्परव्हॅन ताब्यात घेतल्यावर बाबांचा पहिला प्रश्न हा. भाडं किती नाही, अॅव्हरेज किती नाही, थेट उंची! आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, गाडीला टप असतो हे विसरूच शकत नाही. मी पडलो इंजिनिअर. म्हटलं, "बाबा, हे इंग्लंड आहे. आणि फोनवर मॅप आहे की!" विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तर झालं असं की आई-बाबा दोन महिन्यांसाठी इकडे आले होते. लाँग वीकांत होता, बाबांचे गुडघे फार चालू देत नाहीत, आणि आईला बाहेरचं खाऊन खाऊन कंटाळा आला होता. मग ठरलं, कॅम्परव्हॅन घ्यायची. झोपायला जागा, चहाला शेगडी, आणि समुद्र दिसेल तिथे थांबायचं. कॉर्नवॉलचा किनारा ठरला. बायकोने तर पोह्यांसाठी कांदेसुद्धा बरोबर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका छोट्या गावाच्या किनाऱ्याकडे वळलो. रस्ता अगदी बोळासारखा, दोन्ही बाजूंना झाडोऱ्याच्या उंच भिंती. वळण घेतलं आणि समोर कार पार्कचं तोंड. त्यावर आडवा लोखंडी दांडा, काळे-पिवळे पट्टे, मध्ये आकडा: २.१ मीटर. आमची गाडी २.७ मीटर. मागे तीन गाड्या. पुढे जाता येईना, वळायला जागा नाही.

शेवटी बाबा खाली उतरले, मागच्या गाडीवाल्यांना हातवारे करून मागे घेतलं आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारत मला रिव्हर्स करायला लावलं. "येऊ दे... येऊ दे... बास! डावीकडे तोड आता." बोळातून बाहेर यायला वीस मिनिटं लागली. दुसरं पार्किंग दीड मैल लांब, डोंगराच्या वर. तिथून किनाऱ्यावर चालत उतरणं बाबांना शक्यच नव्हतं. आई आणि बायको खाली जाऊन आल्या. बाबा आणि मी गाडीतच चहा केला. समुद्र दिसत होता, पण झाडांच्या वरून, एवढासा.

चहा पिताना बाबा म्हणाले, "पूल असता तर समजलो असतो. आपल्याकडे फाटकाच्या अलीकडे लोखंडी कमान असते, कारण पुढे पंचवीस हजार व्होल्टची तार असते. कमानीला टप घासला तर माणूस शिव्या घालतो, पण वाचतो. ह्या दांड्याच्या पुढे काय आहे? आभाळ!"

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आधी माझी चूक कबूल करतो. गाडीची उंची ही माहिती माझ्याकडे होती. भाड्याच्या कागदपत्रांत, ग्लोव्ह बॉक्समध्ये, नीट घडी घालून. म्हणजे डेटा होता, पण हवा तिथे आणि हवा तेव्हा नव्हता. गंमत बघा, ब्रिटनमध्ये ३ मीटरपेक्षा उंच ठरावीक वाहनांच्या केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी उंची लिहून लावावीच लागते. ट्रकवाल्याला कायदा आठवण करून देतो. साध्या कारला गरजच नाही. कॅम्परव्हॅन बरोबर मधल्या फटीत सापडते: कारसारखी चालवायची, कारच्याच लायसन्सवर, पण उंची मात्र ट्रकच्या जवळ जाणारी. काल ऑफिसला हॅचबॅक नेणारा माणूस आज हे धूड चालवतोय, आणि त्याचा मेंदू अजून हॅचबॅकच्याच उंचीवर आहे.

आणि नुसत्या पाटीने मेंदू बदलत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये एक रेल्वेचा पूल आहे, जालावर प्रसिद्ध. उंची ११ फूट ८ इंच. शेजारच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका माणसाने २००८ पासून तिथे कॅमेरा लावून धडका टिपल्या. पाट्या होत्या, दिवे होते. २०१६ मध्ये तर सेन्सर बसवला, उंच गाडी आली की सिग्नल लाल होतो आणि 'तुमची गाडी उंच आहे, वळा' अशी पाटी पेटते. तरी टप सोलले जातच राहिले. २०१९ मध्ये पूलच उचलून १२ फूट ४ इंच केला. तरीही धडका थांबल्या नाहीत! इकडे ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना वर्षाला दीड हजारांच्या वर धडका बसतात, आणि धडक बसली की पूल सुरक्षित आहे हे कळेपर्यंत गाड्या थांबवाव्या लागतात किंवा हळू न्याव्या लागतात. केंब्रिजच्या उत्तरेला इली नावाचं गाव आहे, तिथल्या रेल्वेखालच्या रस्त्याची उंची ९ फूट, म्हणजे साधारण २.७ मीटर. आमच्या गाडीइतकीच! आमचा रस्ता तिथून जात नव्हता, हे नशीब.

म्हणून माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी शहाणपणाच्या चार गोष्टी.

एक, उंची स्वतः मोजा. कंपनीच्या पुस्तकातला आकडा कोऱ्या टपाचा असतो. वर एसी, सोलर पॅनल, खिडकीचं झाकण किंवा सामानाची पेटी आली की पाच-दहा सेंटिमीटर सहज वाढतात.

दोन, आकडा मीटरमध्ये आणि फूट-इंचात मोठ्या अक्षरात लिहून डोळ्यांसमोर चिकटवा. दांडा समोर आल्यावर २.७ मीटर म्हणजे किती फूट हे गणित सुटत नाही, कुणाचंच (८ फूट १० इंच, आता पाठ झालं आहे).

तीन, कमानदार पुलाची उंची मध्यभागी असते, कडेला नाही. पाटी नसलेला पूल इथे साधारणपणे १६ फूट ६ इंच तरी असतो, त्यामुळे हमरस्त्यावर काळजी नाही. खरी भीती कार पार्क, जुने पेट्रोल पंप, ड्राइव्ह-थ्रू आणि डाव्या बाजूला वाकलेल्या फांद्यांची.

चार, पुढची गाडी गेली म्हणून आपण जायचं नाही. आणि नकाशा वापरायचा तर गाडीची उंची विचारणारा वापरा. माझ्या नकाशाने विचारलीच नव्हती. बाबांनी विचारली होती!

इथपर्यंत चूक माझी. आता दुसरी बाजू.

पूल ही भौतिकशास्त्राची अडचण आहे. बहुमजली पार्किंगच्या दारातला दांडाही तसाच, कारण पुढे खरोखर सिमेंटचं छत आहे. तिथे दांडा तुमच्या भल्याचा. पण मोकळ्या आभाळाखालच्या मैदानाला लावलेला दांडा ही अडचण नाही, तो निर्णय आहे. 'तुम्ही नको' असं कुणीतरी ठरवलं, आणि तसं लिहिण्याऐवजी लोखंडात ओतलं.

त्यामागे कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. कॅम्परवाले रात्र-रात्र मुक्काम ठोकतात, कचरा टाकतात, काही महाभाग तर संडासाची टाकीही उघड्यावर रिकामी करतात. रात्री कुणीतरी बांधकामाचा राडारोडा ट्रकने आणून ओततं. गावाने काय करावं? रात्रभर पहारेकरी ठेवणं परवडत नाही, दांडा परवडतो. हे सगळं मान्य.

पण दांडा उंची मोजतो, वागणूक नाही. आमच्या धंद्यात ह्याला चुकीचा प्रॉक्सी म्हणतात. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया कॅम्पर टप मिटवला की १.९९ मीटरची होते. ती दोन मीटरच्या दांड्याखालूनही आत जाते आणि रात्री टप उघडून खुशाल झोपते. हॅचबॅकमधून कचऱ्याची पिशवी फेकणाराही आत जातो. बाहेर कोण राहतं? व्हीलचेअर आत घेता यावी म्हणून टप उंच केलेली गाडी. शिडी बांधलेला रंगारी. आणि गुडघे दुखणारे बाबा, जे दिवसाढवळ्या दोन तास समुद्र बघून परत जाणार होते.

लोखंड-सिमेंटमध्ये नियम लपवण्याचा वाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेसने लाँग आयलंडच्या रस्त्यांवर पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचू नयेत, असा आरोप रॉबर्ट कॅरोने १९७४ च्या पुस्तकात केला. लँग्डन विनरने १९८० मध्ये त्यावरून 'वस्तूंनाही राजकारण असतं का' असा प्रश्न मांडला. १९९९ मध्ये बेर्नवार्ड योर्गेसने ही गोष्ट तितकी सरळ नाही, त्या रस्त्यांवर बसला एरवीही बंदीच होती, असं दाखवलं. मोझेसच्या मनात काय होतं ह्यावर अभ्यासक भांडोत. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की पाटीवर लिहिलेल्या नियमाशी वाद घालता येतो, अर्ज करता येतो, अपवाद मागता येतो. दांड्याशी काय बोलणार?

बरं, उपाय फार अवघड नाहीत. पहिला, पाटी बोळाच्या तोंडाशी लावा, बोळ संपल्यावर नाही. कुठलाही फ्रेशर सांगेल की चुकीचं इनपुट दारातच अडवावं, अर्धा प्रोग्रॅम चालल्यावर नाही. दुसरा, दांडा बिजागरीचा करा. दिवसा उघडा, रात्री बंद, आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी किल्ली कुणाकडे मिळेल तो फोन नंबर पाटीवर. तिसरा, दोन-चार जागा उंच गाड्यांसाठी ठेवा आणि पैसे घ्या. आम्ही देऊ की! फ्रान्समध्ये गावोगावी नगरपालिकांनी कॅम्परसाठी जागा केल्या आहेत, पाणी भरायला नळ, घाण पाणी सोडायला सोय. दांडे तिथेही आहेत, पण दांड्याबरोबर पर्यायही आहे. नुसत्या दांड्याने कचरा संपत नाही, पुढच्या गावात जातो.

असो. परतताना बाबांनी पार्किंगच्या पावतीच्या मागे पेनाने '२.७' लिहिलं आणि ती सन-व्हायझरला खोचून ठेवली. तेवढ्यावर उरलेले दोन दिवस कुठे अडकलो नाही. गाडी परत देताना पावती काढून घ्यावी असं मनात आलं होतं, पण पुढच्या माणसासाठी तशीच ठेवली. त्याच्याबरोबर एसटीवाले बाबा असतीलच असं नाही :)

तर मंडळी, भाड्याची मोठी गाडी घ्याल तेव्हा किल्ली हातात घेण्याआधी तेवढा एक प्रश्न नक्की विचारा. आणि तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटवर दांडा लावायचा ठराव आला, तर दुसराही विचारा: ह्या दांड्याच्या पुढे छत आहे, की नुसतं आभाळ?