शिदोरीचा भार

बेंबळीच्या एका व्यापारी कुटुंबाने नवा कॅराव्हॅन ट्रेलर मोटारीस जोडून श्रवणबेळगोळची वाट धरली. इ. स. 981 पासून उभ्या असलेल्या 57 फुटी बाहुबलींचे दर्शन घ्यावे आणि वाटेतही गाळलेले पाणी व घरचेच अन्न मिळावे, एवढीच हौस. सोलापूर ओलांडल्यावर ट्रेलर डोलू लागला. थोरल्या चिरंजीवांनी करकचून ब्रेक दाबला नाही. वेग आपोआप उतरू दिला, म्हणून निभावले. पिठाचे डबे, पाण्याची पिंपे मागच्या टोकास रचल्याने पुढील जोडावरचा भार हलका झाला होता. जन्मभर मालमोटारी भरून घेणाऱ्या आजोबांच्याही हे ध्यानात येऊ नये, याचे नवल! जड सामान आसाच्या पुढे, तळाशी हलविले. तोवर ऊन कलले. विजयपूरचा मुक्काम हुकला. सूर्यास्तापूर्वी पंगत मात्र उठली.