शितावरून भात

यंदा वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, आमच्या अक्काच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. पानांची गडबड चालू असता भिंतीशी टेकून ठेवलेला तंबोरा कोणाच्या तरी पायाचा धक्का लागून आडवा झाला. तो पाय कोणाचा, याची चौकशी अक्काने कोणाला करू दिली नाही.

मिरजेचे एक कारागीर अधूनमधून जवारी काढण्यासाठी बेळगावात येतात. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "भोपळा बदलावा लागेल, अक्का. तंबोरा चांगलाच वाजेल. पण हाच आवाज राहील, असं मी सांगणार नाही." पुढच्या खेपेला, महिन्याभराने, तंबोरा घेऊन जाण्याचे ठरले.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे वय आता ८३ आहे आणि हा तंबोरा साठ वर्षे तिच्याजवळ आहे. शहापुरातल्या कितीतरी मुलींनी त्याच्यापुढे बसून पहिला षड्ज लावला. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी गवसणी घातलेल्या तंबोऱ्याशेजारी दिवा न लावता बसून राहिली, तेव्हा माझा नातू म्हणाला, "अक्काआजी, भोपळा बदलायच्या आधी आपण त्याचा आवाज ठेवून घेऊ."

आवाज टेपवर घेणे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नातवाच्या मनात होते ते निराळे. आवाजाचा एक नमुना घ्यायचा आणि तो पेटीसारख्या पट्ट्यांना जोडून द्यायचा, म्हणजे पट्टी दाबली की तो आवाज त्या त्या स्वरात वाजतो. ही कल्पना तशी जुनी आहे. १९६३ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम येथे तयार झालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असे. ती सुमारे आठ सेकंदांत संपे आणि स्वरही तेथेच संपे. पुढे १९७९ साली सिडनीच्या पीटर वोगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र आणले. त्यात फितीच्या जागी आकडे आले. मात्र त्याची किंमत एखाद्या घराएवढी होती! १९८६च्या सुमारास कॅसिओने एस्‌के-१ नावाची छोटी पेटी शंभरेक डॉलरांत विकावयास काढली, तेव्हा कोठे ही विद्या मध्यमवर्गीयांच्या घरात शिरली. त्यातलीच एक माझ्या मेहुण्याने मस्कतहून आणली होती. आमच्या मुलांनी तिच्यात कुत्र्याचे भुंकणे भरून त्यावर आरती वाजवली, म्हणून ती माळ्यावर गेली, ती या प्रसंगानेच खाली आली.

पहिला प्रयोग तिच्यावर झाला. हे यंत्र ऐकते म्हणजे काय करते, तर हवेचा दाब सेकंदाला सुमारे ९,३८० वेळा मोजून प्रत्येक वेळी एक आकडा टिपून ठेवते. पट्टी दाबली की तेच आकडे ओळीने वाचून दाखवते. वरच्या सप्तकातली पट्टी दाबली तर दुप्पट वेगाने वाचते. नातवाने आधी अक्काचाच 'सा' घेतला. तार सप्तकात तो बाहुलीच्या तोंडून आल्यासारखा वाटला आणि निम्म्या वेळात आटोपला. खालच्या सप्तकात पडसे झालेला कोणी गृहस्थ लांबण लावतो आहे असे वाटले. अक्का पोट धरून हसली. पंधरा दिवसांत प्रथमच.

तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र हसण्यासारखे काही झाले नाही. त्या पेटीत सारा मिळून १.४ सेकंदांचा आवाज मावतो. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज असे एक आवर्तन व्हायला चार-पाच सेकंद लागतात. खर्जातून स्वयंभू गंधार उमलायलाही अवधी हवा. शिवाय सेकंदाला जितक्या वेळा मोजावे, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचेच आवाज पकडता येतात, असा या शास्त्राचा नियम आहे. म्हणजे ४,७०० कंपनांच्या वरचे सारे गळून गेले, आणि घोडीवरच्या दोऱ्याने जवारीला येणारी झळाळी बरीचशी तिथेच असते. "सर्दी झालीय त्याला," एवढेच अक्का म्हणाली.

मग नातवाने आपला नवा कीबोर्ड आणि चांगला मायक्रोफोन काढला. येथे सेकंदाला ४४,१०० मोजण्या होतात आणि प्रत्येक मोजणीला २५६ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या असतात. एका तारेचा बारा सेकंदांचा एक आघात साठवायला जुन्या पेटीच्या साऱ्या स्मृतीच्या ऐंशीपट जागा लागते. मला वाटले, आता काम झालेच.

पण खरी गंमत पुढेच होती. आवाज स्वच्छ यावा म्हणून त्याने एक तार छेडताना उरलेल्या तिन्हींवर फडके ठेवले होते. चारही आघात कीबोर्डवर जुळवून वाजवले, तेव्हा चार माणसे चार खोल्यांत बसून गात असावीत तसे झाले. अक्काने फडके उचलले आणि म्हणाली, "अरे, ह्या एकमेकींचं ऐकून वाजतात. त्यांची तोंडं बांधून कसं चालेल?" तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. एक तार कंप पावली की तिच्याशी स्वराचे नाते असलेल्या उरलेल्या ताराही आपोआप झंकारतात आणि तो झंकार तबलीतून, भोपळ्यातून पुन्हा फिरून येतो. सारे पुन्हा घेतले, मोकळ्या तारांनी.

तरीही पाच मिनिटांनी कान कंटाळू लागला. का, हे मला कळेना, नातवाला कळले. तोच तोच आघात हुबेहूब परत येत होता. अक्काचे बोट काही दोनदा सारखे पडत नाही. तेव्हा त्याने प्रत्येक तारेचे सहा निरनिराळे आघात घेतले आणि यंत्राने ते आलटून पालटून वाजवावेत अशी योजना केली. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे. पण या भाताला चोवीस शिते लागली. रस्त्यावरच्या रिक्षा थांबाव्यात म्हणून ते काम पहाटे चारला चाले, आणि अक्का तिन्ही दिवस त्याच्याआधी उठून तारा जुळवून बसलेली असे.

रेडिओने १९४० साली हार्मोनियमला बंदी केली, तेव्हा पट्टीच्या वाद्यात मींड येत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, असा आक्षेप होता. नमुन्यांच्या वाद्यालाही तो काही अंशी लागू आहे. सतारीचा एकेक स्वर घेऊन कीबोर्डवर राग वाजवू पाहणाऱ्यांना मी ऐकले आहे. स्वर सारे असतात, त्यांच्यामधली वाट नसते. तंबोऱ्याला मींड घ्यायची नसते, म्हणूनच आमचे थोडेफार साधले, असे माझे मत आहे.

ज्येष्ठात कारागीर आले. गवसणीवर आणखी एक जुने लुगडे गुंडाळून तंबोरा रेल्वेने मिरजेला गेला. त्या संध्याकाळी अक्का रियाजाला बसली आणि नातवाने कीबोर्ड सुरू केला. तिने डोळे मिटले. उजव्या हाताची बोटे मांडीवर आपोआप फिरू लागली. थोड्या वेळाने ती थांबली.

"जोडीची दुसरी तार किंचित उतरलीय. त्या दिवशी माझ्या कानांतून सुटली."

"अक्काआजी, ती यंत्रात चढवता येते. पण मूळचा आवाज तसाच ठेवायचा ना?"

"मूळचा कसला? बेसूर आहे ती. चढव."

त्याने ती केसभर चढवली. अक्काने पुन्हा ऐकले, मान हलवली आणि षड्ज लावला. रात्री नऊपर्यंत कोणी जेवणाचे नाव काढले नाही.

तंबोरा श्रावणात परत यावयाचा आहे.