टाक्याचा हिशेब



आम्ही अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या बाया. आमच्याकडे भात, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. आमचा पाऊस चार महिने छपरावर कोसळतो, तुमचा पाऊस वाट पाहायला लावतो. मग कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पत्रकात आमच्या गोधडीने जागा का अडवावी, असे कुणी विचारील. कारण एकच आहे. जी लबाडी कापसाच्या भावात चालते, तीच गोधडीच्या भावात चालते. आणि गोधडी घरातच असल्याने ती लबाडी तिथे लवकर दिसते.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, वस्तू तीच. भाताची कापणी-झोडणी उरकली की आमच्याकडे सुया बाहेर निघतात आणि पाऊस लागायच्या आत शेवटचा टाका पडावा लागतो. काही गोधड्या घरच्या, काही सोबतिणींच्या, काही गिऱ्हाइकांच्या. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. शनिवार-रविवारी मुंबईचा पाहुणा वाढला, तसे गोधडी मागणारे गिऱ्हाईकही वाढले. गोधडी पसरली की पाहुणा रंग पाहतो, हात फिरवतो, फोटो काढतो आणि मग म्हणतो, "जुन्या लुगड्यांचीच तर आहे. कापड फुकटचं. पाचशे घ्या."

पाचशे घ्यावेत की नाही, हे रागाने ठरवू नका. हिशेबाने ठरवू या.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मध्यम गोधडी धरा. पाऊण पाऊण इंचावर टाक्यांची ओळ घातली तर ६४ ओळी होतात. एक ओळ सहा फुटांची, म्हणजे सुईला ३८४ फूट चालावे लागते. इंचाला दोनच टाके धरले तरी ९,२१६ टाके झाले. त्याआधी थर अंथरणे, सुरकुत्या काढणे, कच्चे टाके घालणे, विरलेल्या जागी ठिगळ लावणे. त्यानंतर काठ वळवून पक्का करणे. आमच्या हाताला या सगळ्याला मिळून ४० तास लागतात. रोज दुपारचे अडीच तास काढले तर सोळा दुपारी. आठ तासांचा एक रोज धरला तर पाच रोज. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. पाच रोजांचे १,५६० रुपये झाले. यात दोरा धरलेला नाही, अस्तर धरलेले नाही, नफा तर नाहीच. आणि 'फुकटचे कापड' ही गोष्टही आता जुनी झाली. घरोघर सिंथेटिक साड्या आल्या. त्यांच्या थरावरून सुई सटकते आणि त्या घाम शोषत नाहीत. मऊ सुती कापड हल्ली शोधून, पैसे देऊन आणावे लागते.

म्हणजे पाचशे रुपये घेऊन आम्ही गोधडी विकत नाही. वर हजाराहून अधिक रुपये घालून ती पाहुण्याला आंदण देतो.

आता हा हिशेब तुमच्या वावरात नेऊन पाहा. कृषी मूल्य आयोगाच्या कागदात खर्चाची तीन मापे आहेत. बी, खत, औषध, मजुरी असा बाहेर जाणारा खर्च म्हणजे ए-दोन. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-दोन अधिक एफएल. त्यावर आपल्याच जमिनीचा खंड आणि आपल्याच भांडवलाचे व्याज मिळवले की सी-दोन. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली खर्चावर किमान पन्नास टक्के अधिक भाव द्या म्हटले. सरकारने २०१८ साली दीडपट भाव कबूल केला, पण तो मधल्या मापावर. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये हमीभाव याच मापातून निघाला. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज बाहेर का ठेवले, हे आपण सभेत गरजून विचारतो. विचारलेच पाहिजे.

पण भावांनो, घरी आल्यावर आपण कोणते माप लावतो? वेचणी बहुतेक ठिकाणी बायाच करतात. बाहेरची बाई वेचायला आली तर किलोमागे पैसे मोजून देता. घरची वेचते तेव्हा तिची नोंद कोणत्या वहीत होते? पाहुण्याने आमच्या गोधडीला "कापड फुकटचं" म्हटले, आणि आपण घरच्या बाईच्या हातांना न बोलता तेच म्हणतो. व्यापाऱ्यापुढे उत्पादनखर्च मागायचा आणि घरात ए-दोन चालवायचे, हे जमणार नाही. हिशेब एकच असावा लागतो.

इथे कुणी म्हणेल की बायांनो, सगळ्यालाच पैसे लावू लागलात तर शेजारधर्म राहील कुठे? हा प्रश्न खोटा नाही, आम्हीही त्यावर भांडलो आहोत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. छपरे उडाली, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, अंथरुणे भिजून चिखलात गेली. त्या पावसाळ्यात आम्ही एकमेकींना गोधड्या पुऱ्या करून दिल्या, एका पैशाचा व्यवहार केला नाही. केला असता तर आमचीच आम्हाला लाज वाटली असती.

पण ती सावड होती. तुमच्याकडे तिला ईर्जिक म्हणत असतील. सावडीत हिशेब नसतो असे नाही, उलट तो पक्का असतो. आज मी तुझ्या काठाला बसले, उद्या तू माझ्या. पैशाऐवजी हात परत येतो. बाजाराचा हिशेब निराळा, तिथे पैसा परत येतो. हे दोन्ही हिशेब प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे तो तिसरा, जिथे गिऱ्हाईक सोबतिणीचा भाव मागते आणि आमच्या आवणीच्या चिखलात एक दिवसही उतरत नाही. आपली माणसं म्हणून जरा कमी करा, असे म्हणणारा आपल्या कामाला कधी आला होता, एवढे विचारले की भाव आपोआप ठरतो.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी अर्धी गोधडी घेऊन आली. आईने घातलेली, आई मागच्या पावसात गेली. मधले टाके झालेले, काठ उघडा. "पुरी करून द्याल का?" आम्ही चौघी बसलो. आईचा टाका लहान, आमचा मोठा. तिच्या टाक्याला जुळवून घेण्यात दुप्पट वेळ गेला. काठाला खरी मेहनत, कारण गोधडी आधी काठालाच उसवते. पाहणारा मधले रंग पाहतो, जाणणारा काठ उलटून पाहतो. मुलीने पैसे विचारले. आम्ही आधी पूर्ण आकडा सांगितला, मग म्हटले, तुझ्या आईने आमच्या गोधड्यांना हात लावला होता, ते यात फिटले. मुलगी रडली. आकडा न सांगता गोधडी दिली असती, तर आईच्या हातांची किंमत तिला कधी कळलीच नसती. दान करावे, पण किंमत माहीत असताना करावे. किंमत न कळता दिले ते दान नव्हे, ते लुटले जाणे.

आमच्याच तालुक्यातल्या चरीला १९३३ साली खोतांच्या कुळांनी ठरवले की वाजवी वाटा मिळाल्यावाचून जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. भाताची शेते पडीक ठेवून माणसे सहा वर्षे टिकली. त्या कुळांच्या नाती-पणती आज नऊ हजार टाके पाचशेला देतात, हे आम्हाला बोचते.

आणि तुमच्यासारख्या कापूसवाल्यांचे उदाहरण दूर अमेरिकेतले आहे. अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स काउंटीत कापूस पिकवणाऱ्या काळ्या कुळांच्या बाया कामाचे जुने कपडे जोडून गोधड्या शिवत. मतदार म्हणून नाव नोंदवले या रागाने तिथल्या मालकांनी कित्येक कुटुंबांना जमिनीवरून हुसकले. १९६६ साली या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली, गोधड्या न्यूयॉर्कपर्यंत विकल्या, संस्थेच्या नावे जमीन घेतली आणि हुसकलेल्या काही कुटुंबांना त्यातली जागा घरासाठी दिली. जवळच्याच जीज बेंड गावच्या गोधड्यांची २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटे काढली. एकेकटीने दारात उभ्या पाहुण्याशी घासाघीस करून हे झाले नसते.

म्हणून आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. गोधडीबरोबर एक चिठ्ठी देतो : किती तास, किती रोज, किती कापड. गिऱ्हाइकाने दर त्या चिठ्ठीवर बोलावा. सोबतिणीला सावड, गिऱ्हाइकाला भाव. आणि एकीने नाकारलेल्या भावात दुसरीने गोधडी द्यायची नाही. यामुळे काही गिऱ्हाइके परत गेली, हे लपवत नाही. काही गोधड्या घरीच राहिल्या. त्या आम्ही पांघरतो, ऊब कमी झालेली नाही.

तुम्हाला एकच मागणे. यंदाच्या वेचणीला घरच्या बाईचे रोज वहीत लिहा. पैसे लगेच देता येवोत न येवोत, आधी लिहा तरी. पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या, आम्ही चिठ्ठ्या घेऊन येतो. मग सरकारपुढे हिशेब मांडू, तेव्हा त्याला काठ असेल आणि तो उसवणार नाही.