पंपाचा वेग आणि पाण्याची ऊब

बंबात थंड पाणी जेवढे ओतावे तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. नरसाळ्यातून आलेले पाणी तळाशी उतरते आणि वरचे तापलेले पाणी बाहेर ढकलते. सावकाश ओतले तर दोन्ही थर वेगळे राहतात आणि शेवटच्या तांब्यापर्यंत कढत पाणी मिळते. बादली एकदम उपडी केली की थर मिसळतात आणि खालचा जाळ तितकाच असूनही पाणी कोमट येते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदनी-नेपानगर पट्ट्यात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडी बोचरी असली तरी घर तापवण्याची वेळ येत नाही, आंघोळीच्या पाण्यावर भागते. ‘बॉयलर’ म्हटले की इथे नेपा कागद मिलसाठी चांदनीला उभारलेले औष्णिक वीजकेंद्रच आठवते. लंडनच्या उपनगरात किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र भिंतीवरचा गॅस बॉयलर पाणी तापवतो आणि एक छोटा पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून परत आणतो. बंबात ओतणाऱ्याच्या हातात असलेला वेग तिथे या पंपाकडे गेलेला असतो.

पंप उष्णता तयार करत नाही, ती फक्त वाहून नेतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोजूल लागतात आणि थंड होताना पाणी तेवढीच उष्णता सोडते. एखाद्या घराला थंडीत 10 किलोवॅट उष्णता हवी आहे, बॉयलरमधून पाणी 70 अंशांवर निघते आणि 50 अंशांवर परत येते, असे धरू. या 20 अंशांच्या फरकाला मिनिटाला साधारण 7 लिटर प्रवाह पुरतो. फरक 10 अंशांवर आला तर तेवढ्याच उष्णतेसाठी 14 लिटर फिरवावे लागतात.

‘पाणी हळू फिरले की उष्णता सोडायला त्याला वेळ मिळतो’, असे प्लंबरही सांगतात. हे अर्धेच खरे आहे. हळू जाणारा प्रत्येक लिटर जास्त उष्णता सोडतो, हे बरोबर. पण त्या वेळात रेडिएटरमधून जाणारे लिटरच कमी असतात. बॉयलरमधून निघणारे पाणी 70 अंशांवर कायम ठेवून वेग वाढवला तर परतीचे पाणी 50 ऐवजी 60 अंशांवर येते, रेडिएटरचे सरासरी तापमान 60 वरून 65 होते आणि 20 अंशांच्या खोलीला मिळणारी ऊब सुमारे सहाव्या हिश्शाने वाढते. म्हणजे वेग वाढवून खोली अधिकच तापते, कमी नाही. वेग आटोक्यात ठेवायचा तो दुसऱ्या कारणांसाठी.

पहिले कारण विजेचे. पंपाची गती दुप्पट केली की प्रवाह दुप्पट, दाब चौपट आणि लागणारी शक्ती जवळपास आठपट होते. वरचा सहावा हिस्सा या भावाने फार महाग पडतो. युरोपीय संघाने 2013 पासून अशा पंपांवर कार्यक्षमतेची किमान अट घातली आणि एकाच गतीने अखंड फिरणारे जुने पंप बाजारातून हटू लागले. दुसरे कारण इंधनाचे. आजचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णताही वापरतात. त्यासाठी परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवे. ते 60 अंशांवर आले की वाफ धुराड्यातून निघून जाते आणि महागड्या बॉयलरचे काम साध्या बॉयलरसारखे होते. शिवाय पाणी जोरात धावले की अरुंद नळ्या आणि व्हॉल्व्ह आवाज करतात.

गती फार उतरवली तरी बिघडते. शेवटच्या खोलीतला रेडिएटर गार राहतो, आणि बॉयलरच्या आतल्या नळ्यांत पाणी रेंगाळून जागच्या जागी उकळू लागते. अशा वेळी पंपाचे बटण वर ढकलण्याचा मोह होतो. केळीच्या मळ्यातल्या मोटरबद्दल जशी ‘एचपी जास्त असलेली बरी’ अशी समजूत असते, तशीच ही. पण गार रेडिएटरचे दुखणे बहुधा वाटपात असते: पंपाजवळचे रेडिएटर आपला वाटा ओलांडून पाणी घेतात. म्हणून जवळच्या रेडिएटरचे परतीचे व्हॉल्व्ह थोडे आवळून आधी वाटप सारखे करावे लागते. मग सर्वांत कमी गतीपासून सुरुवात करून, बॉयलरच्या जाणाऱ्या आणि परतीच्या दोन्ही नळ्यांवर तापमापक लावून, फरक 20 अंशांच्या आसपास येईपर्यंत गती एकेक पायरीने वाढवायची. व्हॉल्व्ह उघडझाप करतात तसा दाब स्वतःच सावरणारा पंप असेल तर हे काम आणखी सोपे होते.

इकडे बुऱ्हाणपूरकडच्या गच्चीवरच्या, पाणी तापवणाऱ्या सोलरला बहुतेक ठिकाणी पंपच नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड खाली येते. ऊन वाढले की हा प्रवाह आपोआप वाढतो. मोठ्या इमारतींत पंप लागतोच. तिथेही पॅनेल टाकीपेक्षा काही अंशांनी जास्त तापल्यावरच तो सुरू व्हावा, आणि गतीही बेताची असावी, नाहीतर बंबातल्यासारखेच टाकीतले थर मिसळतात.

या भागात आणखी एक हिशेब धरावा लागतो तो क्षारांचा. 1615 मध्ये, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्यातून झिरपणारे पाणी निव्वळ उतारावर, पंपाशिवाय, बोगद्यांतून बुऱ्हाणपूर शहराकडे आणतो. त्याच पाण्यातला चुना बोगद्यांच्या भिंतींवर साचून वाट अरुंद करत आला आहे. तापवल्यावर असा चुना नळ्यांत त्याहून लवकर धरतो. थरामुळे नळी अरुंद होते आणि धातूतून पाण्यात जाणारी उष्णताही अडते. गती वाढवून पहिल्या दोषाची थोडी भरपाई होते, दुसऱ्याची जवळजवळ नाही. म्हणून पंपाला हात लावण्याआधी नळ्यांची आणि गाळणीची सफाई करायची, आणि सफाईनंतर गती पुन्हा खालून वर बसवायची.