सोयीची किंमत कोणी मोजायची?

सटाण्याच्या बाजार समितीत कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याचा सारा व्यवहार आज खिशातल्या एका स्मार्टफोनमध्ये साठलेला आहे. बँकेचे खाते, सातबारा, पीएम किसानचा हप्ता आणि घरातल्या बहिणीचे दरमहा दीड हजार, या सर्वांच्या किल्ल्या तेथेच आहेत. २०२१ पासून पिकाची नोंददेखील शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून, छायाचित्रासह ‘ई-पीक पाहणी’ या ॲपवर करावयाची आहे. त्यामुळे तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्राला सरसकट विरोध करणे आम्हाला मान्य नाही. प्रश्न एवढाच की, या सोयीची किंमत कोण मोजतो?

सोय आणि सक्ती यांमधील अंतर किती थोडे असते, याचा अनुभव बागलाणने घेतला आहे. २०२३ साली भाव कोसळल्यावर राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी, ही अट आली. ज्यांनी ॲपवर नोंद केली नव्हती, त्यांचा कांदा शेतात पिकून बाजारात विकला गेला असूनही कागदावर तो नव्हताच! ओरड झाल्यावर मग गावपातळीवर पडताळणीचा मार्ग काढावा लागला.

खेड्यात फोन बहुधा एकट्याचा नसतो. तो घराचा असतो. वृद्ध आई ओटीपी नातवाला वाचायला सांगते, अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकालाही सांगते. शासकीय योजनेच्या नावाने आलेली बनावट एपीके फाईल उघडली की खाते रिकामे होते, आणि दोष ‘अडाणी’ माणसाच्या माथी मारला जातो. सावध राहावे, अनोळखी फाईल उघडू नये, फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे, हे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला ओटीपीवाचून पाऊल टाकणे अशक्य केले, तिला केवळ उपदेश करून मोकळे होता येणार नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राच्या हाती ठेवला. दोषी कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो सरकारी तिजोरीत जमा व्हायचा. ज्याची माहिती चोरीस गेली, त्याला त्यातून एक पैही नाही! नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘संचार साथी’ ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालण्याचा आदेश निघाला होता. काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला, तो जनतेच्या विरोधामुळे. म्हणजे जागरूकता व्यर्थ जात नाही.

खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज सोडून द्यावा लागेल. धनिकाची माहिती फुटली तर त्याच्यापाशी वकील असतो. कांदा उत्पादकाची फुटली तर हंगामाचे भांडवल जाते. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक योजनेसाठी फोनशिवायचा मार्ग आणि माणूस बसलेली खिडकी तालुक्याला असावी. कामापुरतीच माहिती मागितली जावी. केंद्रावर दिलेल्या कागदांचा जाब विचारता यावा. आणि नुकसानीची भरपाई प्रत्यक्ष पीडिताला मिळावी. सोय नागरिकाने स्वेच्छेने स्वीकारावयाची असते. नाकारण्याचा मार्गच उरला नाही, तर तिला सोय म्हणणे ही भाषेची फसवणूक ठरेल.