शिकाऊ गवंड्याचे वेतन कोणी द्यावयाचे?

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा या पट्ट्यात घरे, दुकानांचे गाळे आणि मंगल कार्यालये यांची बांधकामे सतत चालू असतात. ज्या तरुणाच्या वाट्याला पोटापुरती जमीन आलेली नाही तो तेथे बिगारी म्हणून लागतो. त्याला गवंडी व्हावयाचे असेल तर मार्ग एकच. मिस्त्रीची मर्जी सांभाळावी, दुपारच्या सुट्टीत थापी हाती घेऊन पाहावी आणि ओळंबा कसा सोडतात, गुण्या कसा लावतात हे नजरेने चोरावे. ही चोरी काही वर्षे चालते आणि तेवढा काळ मजुरी बिगाऱ्याचीच मिळते. म्हणजे गवंड्याचे निम्मेअधिक काम कंत्राटदाराच्या पदरात बिगाऱ्याच्या दामात पडते. कुशल कामगार मिळत नाहीत अशी ओरड करताना कंत्राटदार मंडळी या हिशेबाविषयी मात्र मौन पाळतात.

कायदा नाही असे नव्हे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. पण त्याचे अठरावे कलम शिकाऊ हा कामगारच नव्हे असे सांगते. म्हणून त्याला वेतन नाही, विद्यावेतन! २०१९ च्या नियमांनी शिकाऊ घेण्याची सक्ती केली ती तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर. गावोगावच्या छोट्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर तीस नावे कधी असतात काय?

पैसा नाही ही सबब तर मुळीच ऐकून घेऊ नये. १९९६ च्या कायद्यान्वये बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही उपकराची तरतूद ठेवली. हा निधी राज्याराज्यांत पडून राहतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये शासनांना खडसवावे लागले. महाराष्ट्राच्या कल्याणकारी मंडळाने त्यातून भांड्यांचे संच वाटले. भांडी कोणाला नको असतात? परंतु बिगाऱ्याला भांडी देऊन बिगारीच ठेवावयाचे, हे कल्याण कोणाचे?

उत्तर अमेरिकेत बांधकाम कामगारांच्या संघटना आणि मालक मिळून शिकाऊंचे प्रशिक्षण चालवितात. कामाच्या दर तासामागे ठरावीक रक्कम मालकाकडून प्रशिक्षण निधीत जमा होते. शिकाऊ पहिल्या दिवसापासून वेतन घेतो, बहुधा कसबी कामगाराच्या निम्म्याच्या आसपास, आणि तीन ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण दराला पोहोचतो. याच संघटनांनी कृष्णवर्णीय कामगारांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले होते, हेही विसरता कामा नये.

हे परक्या मातीतले रोप आहे असे म्हणणाऱ्यांनी १९६९ चा माथाडी कायदा आठवावा. ज्याला एक असा मालकच नव्हता त्या हमालाची नोंदणी आणि मजुरी त्रिपक्षीय मंडळाकडे आली व त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. जुन्नरच्या प्राचीन लेण्यांतील शिलालेखांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दान सोपविल्याची नोंद आहे. कारागिरांच्या संघाने निधी सांभाळावा, यात या तालुक्याला तेव्हाही नवल वाटले नव्हते.

नवल वाटावे ते आजच्या संघटनांचे. नव्वद दिवसांचा दाखला मिळवून देणे आणि अर्ज भरणे यातच त्यांचे बळ खर्ची पडते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी मागणी स्पष्ट मांडली पाहिजे. शिकाऊचे वेतन उपकरातून द्यावे, दर सहा महिन्यांनी ते वाढावे, परीक्षा घेणाऱ्या समितीत निम्मे सदस्य संघटनेचे जाणते गवंडी असावेत, आणि उत्तीर्ण झालेल्यास गवंड्याचा दर देणे कंत्राटदारावर बंधनकारक असावे. कंत्राटदार विरोध करतील. आजवर त्यांना फुकट मिळालेले आता मोजून द्यावे लागणार आहे.

आणि एक अट संघटनेने स्वतःवरही घालून घ्यावी. नवऱ्याच्या बरोबरीने बांधकामावर राबणारी स्त्री आयुष्यभर घमेलेच वाहते. तिच्या हाती थापी देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पहिल्या तुकडीतील निम्म्या जागा या स्त्रियांसाठी राखल्या जाणार आहेत काय, हे कंत्राटदाराच्या दारात जाण्यापूर्वीच संघटनेच्या बैठकीत ठरले पाहिजे.